गालावरचे चौकोन

माझ्या उजव्या गालावर, डोळ्याखालच्या हाडापासून कानाच्या दिशेने, एकाशेजारी एक असे चार आयताकृती ठसे उमटले होते. प्रत्येक ठसा साधारण आगपेटी उभी अर्धी चिरावी एवढा होता, त्याच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या आणि दोन ठशांच्या मध्ये माझ्या मूळ रंगाची एक बारीक फट राहिली होती. अंगावर उमटणारे आजार असे सरळ रेषेत येत नाहीत. नायटा गोल असतो, पुरळ विखुरलेले असते, भाजल्याचा डाग वेडावाकडा असतो. हे चौकोन पाहिल्यावर मात्र कोणालाही कळत असे की हे यंत्राचे काम आहे. ते काम करून घेण्यासाठी मी पैसे मोजले होते, आणि ज्या डागांसाठी मोजले होते ते डाग त्या चौकोनांखाली जसेच्या तसे होते.

ते डाग म्हणजे वांग. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यात माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी छटा दिसू लागली. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपण झाले की जाईल, पुष्कळ जणींना येतो." पुष्कळ जणींचा जातो हे खरेच आहे, पण माझा गेला नाही. मुलगी चालू लागली, शाळेत जाऊ लागली, तरी गालांवरचा तो नकाशा राहिला. हिवाळ्यात थोडा फिका आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गडद. माझ्या आईलाही वांग होता. तिच्या तरुणपणीच्या एकाही छायाचित्रात तो नाही आणि आम्हा भावंडांच्या जन्मानंतरच्या प्रत्येक छायाचित्रात तो आहे, ही गोष्ट माझ्या लक्षात माझ्या गालावर डाग आल्यानंतरच आली.

हा शब्द संस्कृतातल्या 'व्यंग' या रोगनामाचे मराठी रूप आहे. सुश्रुतसंहितेत व्यंगाचे वर्णन आहे: तोंडावर येणारे, न दुखणारे, पातळ, काळपट मंडल, आणि त्याची कारणे सांगितली आहेत क्रोध आणि श्रम. हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा मला आधार वाटला. न दुखणारे आणि पातळ असूनही ज्याचा त्रास होतो अशा गोष्टीची इतक्या जुन्या काळी कोणीतरी नीट नोंद घेतली होती. आजचे वैद्यक वांगाचा संबंध संप्रेरकांशी, उन्हाशी आणि आनुवंशिकतेशी लावते. गर्भारपण आणि संततिनियमनाच्या गोळ्या ही त्याची ओळखीची निमित्ते आहेत. लोक मात्र अजूनही भेटल्या भेटल्या "लिव्हर तपासून घेतले का?", "रक्त कमी आहे का?" असे विचारतात. त्यांच्या मनात काळजीच असते, हे मी जाणते. पण आठवड्यातून तीनदा हा प्रश्न कानांवर पडला की माणूस समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता, तो आपल्या गालाच्या कोणत्या भागाकडे पाहतो आहे तेच पाहू लागतो.

घरचे उपाय सगळे झाले. सहाणेवर दुधात जायफळ उगाळून लावले, मसुराच्या डाळीचे पीठ सायीत कालवून लावले, कोणीतरी सांगितले म्हणून लिंबूही चोळले आणि दोन दिवस गाल चुरचुरला. मग औषधांच्या दुकानातून एक मलम आणले. चिठ्ठी लागली नाही, कोणी काही विचारले नाही. त्या मलमाने महिनाभरात चेहरा असा उजळला की शिक्षकांच्या खोलीत तीन जणींनी मला त्याचे नाव विचारले आणि मी ते आनंदाने लिहून दिले. त्या तिघींना मी काय लिहून दिले होते हे मला फार उशिरा कळले, आणि आजही ते आठवले की मला वाईट वाटते.

प्रकाशाच्या उपचाराची वाट मला दाखवली ती शेजारच्या काकूंनी. काकू गोऱ्यापान, साठीच्या, आणि त्यांच्या गालांवर मसुराच्या दाण्याएवढे पाचसहा तपकिरी डाग होते. पुण्याला लेकीकडे गेल्या असताना त्यांनी ते प्रकाशाच्या यंत्राने काढून घेतले. दोन सिटिंगमध्ये डाग गेले ते गेलेच. मी स्वतः पाहिले होते, त्यामुळे शंका घेण्याचे कारण नव्हते. त्यांचे डाग आणि माझे डाग हे दोन वेगळे विकार आहेत, आणि त्यांची त्वचा आणि माझी त्वचा यांत त्याहूनही मोठा फरक आहे, एवढे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर पुढचे सगळे टळले असते.

भाच्याचे लग्न दोन महिन्यांवर आले होते. मी पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेले. स्वागताला बसलेल्या मुलीने चार सिटिंगचे पॅकेज सांगितले आणि "डाग तर जातीलच, शिवाय रंग दोन शेड उजळेल" असे आश्वासन दिले. गालाकडे तिने काचेच्या टेबलापलीकडूनच पाहिले होते. आतल्या खोलीत मला आडवे केले, डोळ्यांवर गडद झाकणे बसवली आणि गालांवर थंडगार जेलचा जाड थर दिला. त्यानंतर जे झाले ते मी केवळ कानांनी, नाकाने आणि कातडीने अनुभवले. यंत्राचा गुणगुणता आवाज, गालावर टेकलेला काचेसारखा गार तुकडा, मग झाकणांच्या आडूनही जाणवणारा एक लख्ख पांढरा झोत आणि त्याच क्षणी, फोडणीतला मोहरीचा दाणा उडून लागावा तसा चटका. पहिल्या झोतानंतर लव जळाल्याचा वास आला. दुसऱ्या-तिसऱ्या झोताला मी यंत्र चालवणाऱ्या मुलीला म्हटले, "ताई, फार भाजते आहे." ती म्हणाली, "थोडे भाजणारच मॅडम, म्हणजेच काम होते आहे." मी गप्प राहिले. वर्गात मूल रडले तर आधी थांबून काय झाले ते पाहावे, हे मी पंधरा वर्षे करत आले आहे. त्या खोलीत मात्र मी स्वतःसाठी थांबायला सांगितले नाही.

संध्याकाळी गाल लाल होता, दुसऱ्या दिवशी सुजला, चौथ्या दिवशी चौकोन तपकिरी झाले आणि दहाव्या दिवशी काळे. क्लिनिकला दूरध्वनी केला तेव्हा "हे नॉर्मल आहे, पुढच्या सिटिंगला निघून जाईल" असे उत्तर मिळाले. लग्नाच्या प्रत्येक छायाचित्रात मी चेहऱ्याची डावी बाजू पुढे करून उभी आहे.

त्यानंतरच्या महिन्यांत या उपचाराबद्दल जे हाती लागेल ते मी वाचले. शास्त्र चुकीचे नाही, उलट फार सुंदर आहे, आणि ते समजल्यावरच माझ्या गालावर काय झाले ते मला खऱ्या अर्थाने कळले. उन्हात एकाच दोरीवर काळी छत्री आणि पांढरे धोतर वाळत घातले तर थोड्या वेळाने छत्री हाताला चटका देते आणि धोतर देत नाही, कारण काळा रंग प्रकाश पिऊन त्याची उष्णता करतो. त्वचेतही हेच होते. आपल्या त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य पेशींमध्ये अर्ध्या ते एका मायक्रोमीटरएवढ्या सूक्ष्म कणांत साठवलेले असते. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकी संशोधकांनी 1983 मध्ये असे मांडले की योग्य तरंगलांबीचा, म्हणजे ढोबळमानाने योग्य रंगाचा, प्रकाश निवडला आणि त्याचा झोत पुरेसा थोडा वेळ ठेवला, तर उष्णता त्या कणातच कोंडते आणि शेजारच्या पेशीपर्यंत पोहोचण्याआधी कण फुटतो. कण जेवढा लहान, तेवढा तो लवकर निवतो. मेलॅनिनचा कण एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आतच निवतो, म्हणून त्याला नेमके गाठायचे तर झोत त्याहूनही आखूड हवा. क्यू-स्विच्ड म्हणतात तो लेसर असे काही नॅनोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांचे, झोत देतो.

माझ्या गालावर जे वापरले गेले ते लेसर नव्हतेच. त्याला आयपीएल, म्हणजे तीव्र स्पंदित प्रकाश म्हणतात. त्यात झेनॉन वायूने भरलेला एक दिवा असतो, छायाचित्रकाराच्या फ्लॅशसारखा, पण कितीतरी प्रखर. थिओडोर मेमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1960 च्या मे महिन्यात जगातला पहिला लेसर चालवला तेव्हा त्यातल्या माणकाच्या कांडीला चेतवणारा दिवाही झेनॉनचाच होता. लेसर एकाच तरंगलांबीचा प्रकाश देतो; हा दिवा साधारण 500 पासून 1200 नॅनोमीटरपर्यंतचा सगळा पट्टा एकदम फेकतो, आणि त्यातला खालचा भाग गाळणी लावून कापायचा असतो. त्याचे झोत मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचे, असतात. म्हणजे मेलॅनिनचा कण निवण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या हजारो पट. एवढ्या वेळात उष्णता कणात थांबत नाही, ती आजूबाजूला पसरते. वरवरचा, ठसठशीत डाग असेल आणि भोवतालची त्वचा फिकी असेल, तर डाग तापतो आणि बाकीची त्वचा वाचते. काकूंच्या गालावर हेच झाले होते.

सावळ्या त्वचेत मात्र नुसता डागच रंगीत नसतो. पांढऱ्या धोतरावर सांडलेली शाई निवडून काढणे आणि रंगीत सोलापुरी चादरीवरची शाई चादरीचा रंग न उडवता काढणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. प्रकाशाला डाग आणि वर्ण यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त मेलॅनिन कळते. ते सगळ्यात वरच्या थरात, माझ्या आईवडिलांनी मला दिलेल्या रंगाच्या रूपाने, पसरलेलेच आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1975 मध्ये उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते त्यावरून तिचे प्रकार पाडले. पुढे ते सहा झाले. आपल्याकडची बहुतेक त्वचा त्यातल्या चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेसाठी लांब तरंगलांबी राखणारी गाळणी, कमी ऊर्जा, भरपूर थंडावा आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली एखादा झोत देऊन काही आठवडे वाट पाहणे, एवढे सगळे लागते. केस काढण्यासाठी घरी वापरायची जी प्रकाशयंत्रे विकली जातात, त्यांच्या पुस्तिकेतही त्वचेच्या छटांचा तक्ता असतो आणि त्यातल्या गडद छटांवर फुली मारलेली असते. मला त्या खोलीत कोणी असा तक्ता दाखवला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते हीच मुख्य आहे. वांगातला दोष साठलेल्या रंगाचा नसून रंग तयार करणाऱ्या पेशींचा आहे. त्या डिवचलेल्या असतात. साठलेले कण फोडले तरी कारखाना चालूच असतो, आणि त्याला चटका दिला की तो अधिक जोराने चालू लागतो. आपल्यासारख्या त्वचेला कुठलीही इजा झाली, मुरूम असो, खरचटणे असो वा भाजणे असो, की ती जागा काळी पडते, हे आपल्याकडे प्रत्येक आईला ठाऊक आहे. माझे चौकोन म्हणजे हाच दाहानंतरचा काळपटपणा होता.

शेवटी मी गेले सरकारी रुग्णालयात. केसपेपर काढला, दीड तास बाकावर बसले. त्वचारोग विभागातल्या डॉक्टर बाई माझ्याहून वयाने मोठ्या होत्या. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्या मलाच "बाई" म्हणू लागल्या. त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन उजेडात गाल पाहिला, मग खोलीतले दिवे बंद करून जांभळट उजेडाच्या दिव्याखाली पुन्हा पाहिला. रंग वरच्या थरात किती आणि खोल किती याचा अंदाज त्या दिव्याने येतो, असे त्यांनी सांगितले. माझा वांग दोन्ही थरांत होता. मग त्यांनी प्रश्न विचारले, आणि आजवर मला कोणी इतके प्रश्न विचारले नव्हते. कोणत्या गोळ्या घेता, आईला होता का, शाळेत कुठे बसता, मैदानावर किती वेळ असता, भाकऱ्या तुम्हीच करता का, आणि तोंडाला आजवर काय काय लावले. मी मलमाचे नाव सांगितले तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"बाई, त्यात स्टिरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "किती महिने लावले?" मी म्हटले, अधूनमधून दोन वर्षे. माझ्या गालाची कातडी त्या मलमाने पातळ झाली होती. बारीक लाल केशवाहिन्या दिसत होत्या, ज्या मी आजवर गालाची लाली समजत होते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना स्टिरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला स्वतंत्र नाव द्यावे लागावे इतके हे आपल्याकडे सर्रास होते. अशा पातळ झालेल्या गालावर तो दिवा मारला गेला होता. दुसऱ्या दिवशी मी शाळेत त्या तिघींना बाजूला बोलावून सगळे सांगितले. एकीने तोपर्यंत ते मलम तिच्या वयात आलेल्या मुलीलाही दिले होते.

मी डॉक्टरांना विचारले की आता दुसरा, चांगला लेसर करता येईल का. 1064 नॅनोमीटरचा लेसर सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित असतो, हे मी वाचून गेले होते. त्या तरंगलांबीला मेलॅनिन कमी शोषते, त्यामुळे वरचा थर कमी तापतो. त्यांनी ते नाकारले नाही. पण वांगावर तो वारंवार मारला तर काही जणांना मधेच पांढरे ठिपके पडतात, आणि थांबवल्यावर काही महिन्यांत वांग बहुधा परततो, हेही त्यांनी सांगितले. "आधी कारखाना शांत करू," त्या म्हणाल्या. औषधांचे तपशील मी येथे देत नाही, कारण माझी चिठ्ठी वाचून कोणी ती स्वतःसाठी वापरावी असे मला वाटत नाही; मी पूर्वी एकदा तसे केलेले आहे.

त्यांच्या सांगण्यातला जो भाग मला सर्वांत नवा होता तो मात्र सांगितलाच पाहिजे. मी सनस्क्रीन लावत होते, तरी वांग वाढत होता. त्याचे कारण असे की बहुतेक सनस्क्रीन अतिनील किरण अडवतात, आणि सावळ्या त्वचेत रंग वाढवण्याचे काम डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही करतो, विशेषतः त्यातला जांभळा-निळा भाग. तो पारदर्शक मलमातून आरपार जातो. त्याला अडवायचे तर मलमालाच रंग हवा. लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गेरूच्या जातीचा तांबूस-पिवळा रंग घातलेले सनस्क्रीन हवे. वर्गातली माझी खुर्ची दहा वर्षे खिडकीला लागून होती. काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, पण सगळे नाही, आणि उजेड तर मुळीच नाही. डाग घालवायला ज्या उजेडाकडे मी गेले होते तोच उजेड रोज साडेपाच तास माझ्या गालावर पडत होता.

मी खुर्ची फळ्याच्या पलीकडे, आतल्या भिंतीला हलवली. मुलांनी कारण विचारले तेव्हा सातवीच्या वर्गाला मी मेलॅनिनचा धडाच शिकवला. रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते, फरक असतो तो त्यांनी बनवलेल्या कणांच्या आकारात आणि प्रमाणात, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक सावळी मुलगी स्वतःच्या मनगटाकडे बराच वेळ पाहत राहिली.

चौकोन जायला चौदा महिने लागले. ते एकदम गेले नाहीत. आधी कडा विरघळल्या, मग मधल्या फटी भरल्या, मग एके दिवशी ते कुठे होते हे मलाच बोटाने शोधावे लागले. वांग पूर्ण गेला नाही, फिका झाला. उन्हाळ्यात तो डोके वर काढतो आणि मी पुन्हा डॉक्टरांकडे जाते. रोज सकाळी दोन बोटांवर भरतील अशा दोन रेघा सनस्क्रीन लावणे, दुपारी पुन्हा लावणे, आणि भाकऱ्या करताना तव्यावर तोंड न झुकवणे, एवढे मी करते, कारण उष्णतेनेही वांग चेततो असे त्या म्हणाल्या होत्या. सासूबाईंनी न सांगता संध्याकाळच्या भाकऱ्यांचे काम स्वतःकडे घेतले.

यंदा फेब्रुवारीत मी डॉक्टर बाईंना माझ्या डाव्या हाताच्या पाठीवरचा एक डाग दाखवला. तो वांग नव्हता. करंगळीच्या नखाएवढा, तपकिरी, स्पष्ट कडेचा. त्यांनी भिंगातून पाहून सांगितले की हा उन्हाने आलेला वरवरचा डाग आहे आणि याला लेसर चालतो. माझा हात आपोआप मागे आला. त्यांनी आग्रह केला नाही. पुढच्या भेटीत मी स्वतःच म्हटले, करू या.

या वेळी मी बसून होते आणि माझ्या डोळ्यांवर आरपार दिसणारा संरक्षक चष्मा होता, त्यामुळे सगळे पाहता आले. त्यांनी डागाच्या कडेला एकच झोत दिला. टिच् असा आवाज झाला आणि ज्वारीच्या दाण्याएवढी जागा क्षणात राखेसारखी पांढरी पडली. "दुखले?" त्यांनी विचारले. थोडे, मी म्हटले. "खरे सांगा," त्या म्हणाल्या आणि माझ्या उत्तराची वाट पाहत थांबल्या. अर्ध्या तासाने पांढरेपणा गेला, दुसऱ्या दिवशी तिथे चहाच्या चोथ्यासारखी काळी खपली धरली, बाराव्या दिवशी आंघोळीत ती आपसूक निघाली आणि खाली गुलाबी कातडी दिसली. मग आठ आठवडे मी तो ठिपका पाहत राहिले. चौकोनांची सुरुवातही गुलाबीच झाली होती.

आठवड्यांमागून आठवडे गेले, ठिपका काळा पडला नाही. हळूहळू तो माझ्या हाताच्या रंगाचा झाला. परवा डॉक्टर बाईंनी माझा हात खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला, आणि केसपेपरवर लिहिले: उरलेला डाग, पावसाळा सुरू झाल्यावर.